चाळीस अंशांतलं सँडविच

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत छोटी सँडविचेस करायला घेतली की दोन उलट तक्रारी एकाच ताटलीत भेटतात. तुकड्याच्या पोटात काकडी-टोमॅटोचं पाणी सुटून ब्रेडचा लगदा होतो, आणि त्याच तुकड्याच्या कडा बाहेरच्या कोरड्या हवेत वाळून वर वळतात. कृती तंतोतंत पाळली तरी असं होतं, कारण या कृती मुळात थंड हवेच्या गावांतून आलेल्या आहेत. इथं पारा ४० अंश ओलांडतो आणि बरेच दिवस ४२-४३च्या घरात मुक्काम करतो.

तरी या तुकड्यांना मागणी आहे. भिशी, डोहाळजेवण, मुलांचे वाढदिवस, शाळा-बँकांमधले निरोप समारंभ, रविवारी दुपारी अचानक जमलेली चुलत-मावस भावंडं, अशा ठिकाणी पूर्ण जेवण मांडायचं नसतं, पण नुसत्या चहा-चिवड्यावर भागवणंही बरं दिसत नाही. दोन घासांत संपणारा, हात न बरबटवणारा, चमचा-वाटी न मागणारा तुकडा तेव्हा सोयीचा पडतो. करणारीला गॅससमोर उभं राहावं लागत नाही, हेही उन्हाळ्यात काही थोडं नाही.

माझी वहिनी घरून ऑर्डरी घेते. शेंगा पोळी, कडक भाकरी आणि दिवाळीचा फराळ हा तिचा मूळ उद्योग. सँडविच त्यात मागाहून आलं. कापाकापी, डबे भरणं आणि पोचवणं माझ्याकडं असतं. पुढं जे लिहिलं आहे ते तिच्या ओट्यावर पाहिलेलं, तिच्याशी वाद घालून समजलेलं आणि वाचून पडताळलेलं आहे.

या सगळ्या विचाराला तोंड फुटलं ते होटगी रस्त्यावरच्या एका डोहाळजेवणात. कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचचा आणि माल दुपारी बारालाच तयार. आत हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा आणि बीट, म्हणजे मुंबईच्या सँडविचवाल्याचा सगळा सरंजाम. हॉलवर डब्यांची झाकणं निघाली तेव्हा बिटाचा रंग कडेपर्यंत पसरला होता. खालच्या स्लाइसनं चटणी इतकी प्यायली होती की उचलताना ती हाताला येईना, आणि वरच्या स्लाइसचे कोपरे बोटांना टोचत होते. घरातल्या एका आत्याबाईंनी तुकडा उचलून विचारलं, “वैनी, आतनं एवढं ओलं अन् वरनं एवढं कडक, हे जमवलं कसं म्हणायचं?” प्रश्न खोचक होता, पण नेमका होता. माल ताजा होता, चवही ठीक होती. चुकलं होतं ते वेळेचं आणि पाण्याचं गणित.

सँडविचवाल्याचं गुपित

मुंबईचा सँडविचवाला हेच सगळं जिन्नस वापरतो आणि त्याच्याकडं असं होत नाही. तो स्लाइसला लोणी फासतो, चटणी लावतो, चकत्या रचतो, मसाला भुरभुरतो, सुरी चालवतो आणि ताटली हातात देतो. गिऱ्हाईक तिथंच उभ्यानं खातं. चटणी लागल्यापासून शेवटचा घास पोटात जाईपर्यंत फार तर दहा मिनिटं जातात, त्यामुळं टोमॅटोला पाणी सोडायला आणि ब्रेडला ते प्यायला सवडच मिळत नाही. ती कृती पाच तास डब्यात बसण्यासाठी कधी बनलीच नव्हती. घरगुती कार्यक्रमात मात्र तीच कृती सकाळी करून संध्याकाळी वाढली जाते.

कडा काढलेल्या नाजूक सँडविचचं घराणं वेगळं आहे. इतिहासकार एडवर्ड गिबननं १७६२ साली लंडनच्या एका क्लबात बडी मंडळी थंड मांस किंवा सँडविच खात असल्याचं रोजनिशीत टिपलं. या खाद्याचा लेखी उल्लेख सापडतो तो तिथं. पुढं व्हिक्टोरिया राणीच्या काळात दुपारच्या चहाबरोबर काकडीची पातळ सँडविचेस आली. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकात मावशीसाठी मागवलेली काकडीची सँडविचेस ती येण्याआधी भाचाच फस्त करतो. आपल्याकडं त्याच सुमारास, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्याबद्दल रानडे-टिळकांसारख्यांवर गहजब झाला होता आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं होतं. यंत्रानं कापलेला ब्रेड तर जगातच १९२८ साली, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पहिल्यांदा विक्रीला आला. आज बारशाच्या ताटलीत ब्रेडचा तुकडा दिसला तर कुणी वळूनही पाहत नाही. पण ताटली सोलापूरची झाली तरी कृती लंडनच्याच हवेची राहिली आहे.

लोणी इथं कमी पडतं

त्या कृतीतला पहिला सल्ला असा की, स्लाइसला अगदी कडेपर्यंत लोणी लावा, म्हणजे भाजीचं पाणी ब्रेडमध्ये शिरणार नाही. तर्क बरोबर आहे. विकतच्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि घट्ट स्निग्ध थरातून पाणी सहज जात नाही. अडचण घट्ट या शब्दाशी आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. लंडनच्या वीस अंशांच्या खोलीत ते थर धरून राहतं. सोलापूरच्या दुपारी ते स्लाइसमध्ये मुरून जातं आणि मग पाण्याला अडवायला काही उरत नाही. वर ब्रेड तेलकट होतो तो वेगळाच. घरी काढलेलं लोणी असेल तर त्यात ताकाचा अंश जास्त असतो. ते वापरायचं झालं तर गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून पाणी काढून मगच घ्यावं.

यावर वहिनीनं जो मार्ग काढला तो तिच्या घरातच होता. सोलापूरची शेंगा चटणी.

भाजलेल्या शेंगा, लाल तिखट, लसूण, जिरं आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं, हे इथल्या घरांना सांगायला नको. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि कुटून ते बाहेर येतं, म्हणून ही चटणी कोरडी असूनही ओठाला तुकतुकीत लागते. तिच्यात पाण्याचा थेंबही नसतो. ती लोण्यात कालवली की दाण्याचा कूट लोण्याला धरून ठेवतो; लोणी मऊ पडलं तरी सगळं खाली उतरत नाही. १०० ग्रॅम लोण्याला साधारण ५० ग्रॅम चटणी हे प्रमाण मोठ्यांच्या जिभेला झेपतं. मुलांसाठी चटणी निम्मी करावी आणि तिची जागा बिनतिखटाच्या दाण्याच्या कुटानं भरावी.

मिक्सरमध्ये चटणी करताना थांबत थांबत फिरवावं. सलग फिरवली तर दाण्यांचं सरळ पीनट बटर होतं आणि सोलापुरी चटणीचा रवाळपणा जातो. शेंगा निवडून घ्याव्यात. काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशी दिसणारा दाणा काढून टाकावा, कारण शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि भाजल्यानं ते पुरतं जात नाही. आणखी एक गोष्ट यजमानांना आधी विचारून ठेवायची, ती म्हणजे पाहुण्यांत कुणाला, विशेषतः लहान मुलांना, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. असेल तर त्या मुलाचे तुकडे वेगळ्या पाटावर, वेगळ्या सुरीनं आणि सर्वांत आधी करावेत.

सोलापुरात जैन कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यासाठी बिनलसणीची चटणी करावी लागते आणि बटाटा-कांदाही चालत नाही. ऑर्डर घेतानाच हे विचारून घेतलं आणि तो डबा निराळा ठेवून त्यावर चिठ्ठी लावली, तर वाढताना घोळ होत नाही.

हिरवी चटणी आणि भाज्या

शेंगा चटणी कितीही कामाची असली तरी हिरव्या चटणीशिवाय सँडविच ही कल्पनाच काहींना मानवत नाही. ती करायला हरकत नाही, फक्त तिच्यातलं पाणी बांधायला हवं. कोथिंबीर धुतल्यावर पंचावर पसरून कोरडी होऊ द्यावी. वाटताना पाणी न घालता मूठभर पंढरपुरी डाळं घालावं. डाळं वाटणातलं पाणी शोषून घेतं, चटणीला अंग येतं आणि ती पसरत नाही. हॉटेलवाले यासाठी ब्रेडचा तुकडा घालतात. त्यानंही काम होतं, पण चव पिठूळ लागते. लिंबू अगदी शेवटी पिळावं. आंबटामुळं पानांतलं हरितद्रव्य हळूहळू बदलतं आणि हिरवा रंग शेवाळी होत जातो. उष्णतेत हे आणखी लवकर होतं. चटणी नेहमी लोण्याच्या थरावर लावावी, थेट ब्रेडवर कधीच नाही.

काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं आणि टोमॅटोतही त्याच्या आसपास. सँडविचमध्ये रचल्यावर वरून मीठ-मसाला भुरभुरला की ते मीठच चकत्यांतलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून उलट करावं. काकडीच्या पातळ चकत्यांना आधीच किंचित मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवावं, सुटलेलं पाणी टाकून द्यावं, चकत्या कोरड्या पंचावर टिपून घ्याव्यात आणि पुढं मीठ घालू नये. टोमॅटो चिरून बियांचा गर काढून टाकावा, नुसती भिंत वापरावी. बीट पुढं खायच्या सँडविचमध्ये घालूच नये. त्याचा रंग पाण्यात विरघळणारा आहे आणि पांढऱ्या ब्रेडवर तो काही मिनिटांत फिरतो. ज्यांना हवंच असेल त्यांनी उकडलेल्या बिटाच्या चकत्या वेगळ्या ताटलीत मांडाव्यात.

कांद्याचं तसंच. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या आवकेसाठी राज्यभर ओळखली जाते, पण चिरलेला कच्चा कांदा बंद डब्यात दोन तास बसला की सगळ्या तुकड्यांना त्याचाच वास येतो. कांदा फक्त समोर करून समोर खायच्या सँडविचमध्ये घालावा.

पाणी न सोडणारी सारणं बरीच आहेत. किसून घट्ट पिळलेलं गाजर आणि चक्का. कुस्करलेलं पनीर, मिरपूड आणि बारीक चिरलेली सिमला मिरची. चीज आणि शेंगा चटणी. उकडून पूर्ण गार केलेल्या अंड्याचा चुरा आणि लोणी. चक्का कापडात रात्रभर टांगलेला असावा. घाईनं दोन तास टांगलेलं दही हे चक्का नव्हे, त्यातून पाणी सुटणारच.

भाज्या धुण्याबद्दलही सोलापूरकरांना वेगळं सांगायला हवं. उजनी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येत आलं आहे आणि घरोघरी ते पिंपांत, टाक्यांत साठवून वापरलं जातं. शिजवायच्या भाजीला ते चालून जातं. कोथिंबीर, पुदिना आणि काकडी मात्र कच्चीच पोटात जातात, तेव्हा त्यांचं शेवटचं धुणं पिण्याच्या म्हणजे उकळून गार केलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यानं करावं. ऑर्डरच्या दिवशी त्यासाठी एक कळशी आधीच बाजूला काढून ठेवावी.

ब्रेड

सँडविच लोफ आदल्या दिवशीचा असावा. अगदी ताज्या, कोमट ब्रेडचे कापताना लचके निघतात. घरी आणलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवायची सवय बहुतेकांना असते, पण फ्रिजच्या थंडीतच ब्रेडमधला पिष्टमय भाग सर्वांत लवकर कडक होतो आणि ब्रेड शिळ्यासारखा लागतो. एक-दोन दिवसांत वापरायचा असेल तर पाकीट बंद करून सावलीत ठेवावं; जास्त दिवसांसाठी सरळ फ्रीझरमध्ये. फ्रीझरचा एक फायदा असा की अर्धवट गोठलेल्या स्लाइसच्या कडा झटकन आणि सरळ निघतात. पावसाळ्यात हाच ब्रेड बाहेर ठेवला तर बुरशी धरतो, तेव्हा त्या दिवसांत थोडाच आणावा.

कडा भरण्याआधी काढायच्या की नंतर, यावर आमच्याकडं बराच वाद झाला. नंतर काढलेल्या बऱ्या, कारण सारण कडेपर्यंत पोचलेलं असतं आणि कापलेली बाजू स्वच्छ दिसते. मात्र कापण्याची घाई करू नये. भरलेली सँडविचेस चार-पाचची चळत करून बटर पेपरमध्ये गुंडाळावीत, वर हलकं ताट ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीत. थर एकमेकांना धरतात, लोणी घट्ट होतं आणि मग दातेरी सुरीनं, दाब न देता करवतीसारखं पुढं-मागं करत कापलं की तुकडे फुटत नाहीत. दर दोन कापांनंतर सुरी ओल्या फडक्यानं पुसावी.

दोन स्लाइसच्या एका सँडविचचे चार त्रिकोण किंवा चार चौकोन होतात. तान्ह्या मुलांच्या आया आणि आजी-आजोबांसाठी लांबट तीन पट्ट्या बऱ्या. त्या हातात धरायला सोप्या आणि चावायला लहान.

कापलेल्या तुकड्यांच्या कडा उघड्या पडल्या की वाळायला लागतात. हॉलमधले छताचे पंखे हे काम फार वेगानं करतात. तुकड्यांवर आधी बटर पेपर आणि त्यावर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मलमलचं फडकं, मग डब्याचं झाकण, अशी सोय करावी. ओलं फडकं थेट ब्रेडवर ठेवलं तर वरची स्लाइस चिकट होते. आणि टॉवेलच्या या गावात टॉवेल मात्र वापरू नये, त्याचे धागे आणि लव ब्रेडला लागतात. वर्तमानपत्राचा कागद तर गुंडाळायलाही नको आणि टिपायलाही नको. छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं अन्नात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं त्याच्या वापराला मनाई केली आहे.

दोन तासांचा नियम इथं एक तासाचा

ओलं सँडविच खाणाऱ्याला आवडत नाही एवढंच. बिघडलेलं सँडविच त्याला दवाखान्यात नेऊ शकतं, आणि ते दिसण्यावरून किंवा वासावरून ओळखू येईलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ खोलीच्या तापमानात ठेवू नये. थंड ठेवायचं ते ५ अंशांच्या खाली आणि गरम ठेवायचं ते ६० अंशांच्या वर. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला याहून कडक आहे: हवेचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर दोन तासांऐवजी एकच तास. सोलापुरात फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनपर्यंत दुपारी हा एक तासाचाच नियम लागू पडतो.

सँडविचच्या बाबतीत हातांचा संबंध फार येतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही असतो, आणि हाताला कापलेलं-भाजलेलं असेल तर जास्तच. तो बटाटा, अंडं, पनीर, मलईसारख्या सारणांत वाढून विष तयार करतो. हे विष नंतर गरम करूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. म्हणून बोटाला चिरलं असेल त्या दिवशी सारणाला हात न लावलेला बरा. निदान पट्टी बांधून वर हातमोजा घालावा. एकच हातमोजा घालून फोन, पैसे आणि ब्रेड हाताळला तर त्याचा काही उपयोग नाही.

मेयोनीजचा विषय निघतोच, कारण ते मुलांना आवडतं. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमधून साल्मोनेला पसरण्याच्या भीतीनं केरळनं २०२३ साली, शेजारच्या तेलंगणानं २०२४ साली आणि तमिळनाडूनं २०२५ साली त्यावर बंदी घातली. घरी मिक्सरवर अंडं फोडून मेयोनीज करण्याचा मोह टाळावा. बिनअंड्याचं सीलबंद मिळतं, तेही उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं. घट्ट चक्क्यात मीठ, साखर, मोहरीची पूड आणि थोडं तेल फेटलं तर सोलापुरी जिभेला मेयोनीजची फारशी आठवण येत नाही.

घरून ऑर्डरी घेणाऱ्या प्रत्येकीला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडं नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते. हॉलवाले आणि कार्यालयं आता नोंदणी क्रमांक विचारू लागली आहेत.

चाळीस माणसांचा हिशेब

चहा, ढोकळा किंवा चिवडा आणि एखादा गोड पदार्थ सोबत असेल तर माणशी चार तुकडे पुरतात. सँडविच हाच मुख्य पदार्थ असेल तर सहा धरावेत. चाळीस माणसांना चार तुकड्यांप्रमाणे १६० तुकडे म्हणजे ४० सँडविचेस म्हणजे ८० स्लाइस. लोफची पहिली आणि शेवटची स्लाइस या कामाची नसते, ती मोजू नये. एका स्लाइसच्या एका बाजूला सपाट चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम लोणी लागतं. ८० स्लाइसना ४०० ग्रॅम झालं. शेंगा चटणी त्याच्या निम्म्यानं, २०० ग्रॅम. निम्म्या सँडविचना हिरवी चटणी लावायची तर एका सँडविचला मोठा चमचाभर धरून ३०० ग्रॅम पुरते, आणि शेंगा चटणी त्या मानानं कमी लागते.

संध्याकाळी साडेपाचच्या कार्यक्रमासाठी वेळापत्रक असं बसतं. आदल्या दिवशी शेंगा चटणी कुटून ठेवावी, चक्का टांगावा, ब्रेड आणावा आणि पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये टाकाव्यात. त्या दिवशी सकाळी अंडी किंवा बटाटे उकडून, गार करून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि हिरवी चटणी वाटावी. दुपारी तीनला काकडीला मीठ लावावं आणि लोणी-चटणी कालवावी. सव्वातीन ते सव्वाचार भराभरी. दहा सँडविचेस भरून झाली की ती लगेच फ्रिजमध्ये, मग पुढची दहा. पावणेपाचला कापायला घ्यावं. पाचला थर्माकोलच्या पेटीत गोठलेल्या बाटल्या तळाशी, त्यावर फडकं, त्यावर डबे. बाटल्या फडक्यानं झाकल्या नाहीत तर त्यांना सुटणारा घाम डब्यात शिरतो.

कार्यक्रमात सगळे तुकडे एकदम टेबलावर मांडायचा आग्रह यजमान धरतात, कारण भरलेलं टेबल फोटोत छान दिसतं. तो आग्रह नम्रपणे मोडावा. पंचवीस-तीस तुकड्यांची एक ताटली बाहेर, बाकी पेटीत. ताटली रिकामी होत आली की नवी आणावी, उरलेल्यांवर ताजे तुकडे रचू नयेत. वहिनी यजमानीणबाईंना आधीच सांगून ठेवते, “काकू, फोटोला मी एक ताट भरून देते की, पण बाकीचं थंडच राहू द्या.” बहुतेक काकूंना हे पटतं.

डब्यासाठी

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी साडेबाराला उघडतो, तेही शाळेच्या तापलेल्या वर्गात किंवा दप्तराच्या तळाशी. डब्याला अंडं, पनीर, मेयोनीज, बटाट्याची भाजी यांतलं काही नको. शेंगा चटणी आणि लोणी, तूप आणि गूळ, जाम, नुसती दाण्याच्या कुटाची चटणी अशी पाणी न सोडणारी सारणं पाच-साडेपाच तास निभावून नेतात. काकडी सोबत हवी असेल तर ती अख्खी किंवा उभी चिरून वेगळ्या डबीत द्यावी. तव्यावर दोन्हीकडून भाजलेलं सँडविच गरम असताना डब्यात बंद केलं तर वाफेनं ओलं होतं. जाळीवर दहा मिनिटं निवू दिलं की भाजलेला पापुद्रा टिकतो.

ब्रेडच नको असेल तर

कडक भाकरीचा उपयोग इथं फारसा कुणी केलेला दिसत नाही. ज्वारीची पातळ, खरपूस वाळवलेली ही भाकरी ओलावा नसल्यामुळं बरेच दिवस टिकते, आणि ज्वारी मंगळवेढ्याची असेल तर बघायलाच नको. तिचे दोन बोटांएवढे तुकडे मोडून वर चक्का, त्यावर चिमूटभर शेंगा चटणी आणि मीठ लावून टिपलेल्या काकडीची एक चकती ठेवली की भिशीच्या बायका ब्रेडकडं वळत नाहीत. हे तुकडे आधी मांडून ठेवता येत नाहीत, चक्का लागल्यावर भाकरी नरम पडायला लागते. त्यामुळं भाकरीचे तुकडे, चक्का आणि चटणी वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून पाहुण्यांनाच लावून घ्यायला सांगावं. गहू चालत नसलेल्या पाहुण्यांचीही यात सोय होते, फक्त भाकरीचं पीठ दळताना गिरणीत आधी गहू दळलेला नव्हता एवढी खात्री करून घ्यावी.

उरलं तर

टेबलावर तासाभराहून जास्त राहिलेले तुकडे परत डब्यात घालून पाहुण्यांच्या हाती देऊ नयेत, आणि घरीही आणू नयेत. पेटीतून बाहेरच न निघालेले, अजून हाताला थंड लागणारे तुकडे त्याच रात्री तव्यावर भाजून खावेत. काढलेल्या कडा मात्र कधीच वाया जात नाहीत. त्यांतल्या सारण न लागलेल्या कडा एक दिवस उन्हात वाळवल्या की मिक्सरमधून कटलेटला लागणारा चुरा निघतो. आणि त्याच रात्री संपवायच्या असतील तर बारीक तुकडे करून, हिंग-मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीवर परतून, वर उरलेली शेंगा चटणी घालून त्यांचा चिवडा होतो.